गिअर पडला हे घडाला कळू नये

पप्पा,

तुमची पिकअप अजून आपल्या दारातच उभी आहे. देवपूरच्या या गल्लीत ती इतके दिवस एका जागी कधी उभी राहिली नव्हती. शेजारच्यांना तिची अडचण होते, पण कोणी बोलत नाही. फक्त स्कूटर वळवताना जरा जास्त वेळ घेतात.

काल मी तिच्यात जाऊन बसले. तुमच्या जागेवर. डावा पाय आपोआप पुढे गेला आणि रबराच्या चटईवर पडला. तिथे काही नव्हतं. काही नाही हे मला माहीत होतं, तरी गेला. तुम्ही तुमच्या हातांनी तिथला क्लच काढला आहे, आणि तो माझ्यासाठी काढलेला नाही.

तुम्ही गेलात हे मला बऱ्याच जणांनी सांगितलं. फोनवर संजूकाकांनी, दारात मम्मीने, काही न बोलता. पण गाडीत बसेपर्यंत ते कुठेतरी बाहेरच राहिलं होतं. काल आत आलं. आणि खरं सांगते, तेव्हाही मला रडू आलं नाही. मला हेवा वाटला. योगिताचा.

गंधमुक्तीच्या दिवशी, तुमच्या दिवसकार्याला, सुरुवात झाली याची. पिंपळनेरहून तुमचे चुलतभाऊ आले होते, आणि त्यांच्याबरोबर त्यांची योगिता. डावा पाय ताठ ठेवून, भिंतीला हात लावत ती आत आली. ट्रॅक्टरवरून पडल्यापासून तिचा तो गुडघा वाकत नाही, हे मला माहीत आहे, म्हणून मी तिला खुर्ची आणायला उठले. खुर्ची घेऊन येईपर्यंत ती तुमच्या फोटोसमोर जमिनीवर बसली होती, आणि मोठ्याने रडत होती.

"नाना, आते माले कोन शिव्या दी?"

बायका तिच्याभोवती जमल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मी खुर्ची धरून उभी होते, पप्पा. तुमची मुलगी मी आहे हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं, पण त्या क्षणी कोणाच्या लक्षात नव्हतं. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात एकच विचार चालला होता: तुम्ही मला कधी एकसुद्धा शिवी दिली नाहीत.

माझ्याशी तुम्ही नेहमी जपून बोलायचात. इंग्रजी शाळेतली मुलगी, म्हणून तिच्यासमोर गावाकडचं बोलायचं नाही, हे तुम्ही कधी ठरवलंत कोण जाणे. "श्रुती, जेवण झालं का? अभ्यास कसा चालू आहे?" बँकेत साहेबाशी बोलावं तसं. मम्मीशी, काकांशी, भाजीवाल्याशी, गाडीशीसुद्धा अहिराणी, आणि माझ्याशी पुस्तकातलं. तुम्हाला वाटायचं, तुम्ही मला चांगलं देताय. मला वाटायचं, बाकीच्यांना तुम्ही स्वतःला देताय, आणि मला तुमच्या जागी दुसराच कोणीतरी.

फक्त गाडीत तसं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी तुम्ही रावेरला केळी भरायला जायचात तेव्हा मला न्यायचात. मी तिसरीत असेन, चौथीत असेन. बागेत घड उतरवून होईपर्यंत मी केबिनमध्ये बसून राहायचे. तुम्ही मागे उभे राहून भरणाऱ्यांना ओरडायचात: दोन घडांच्या मध्ये पान टाका, दांडा बाहेरच्या बाजूला ठेवा, आपटू नका. मग परतीचा रस्ता. भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळ्यातली केळी पिकवायची वखार येईपर्यंत तुमचं सगळं लक्ष मागच्या मालावर. सीटच्या मागे, काचेजवळच्या सळईला तुम्ही हिरव्या केळ्यांची एक फणी सुतळीने टांगून ठेवायचात. गिअर बदलताना ती हलली, की ड्रायव्हर नापास. तुम्ही स्वतः चालवत असलात तरी.

"घडले समजाले नही पायजे," तुम्ही म्हणायचात. गिअर पडला हे घडाला कळता कामा नये. कारण हिरवं केळ घासलं गेलं तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. वखारीत पिकलं की मग काळा डाग वर येतो, आणि तोवर गाडीवाला पुढच्या खेपेला निघून गेलेला असतो.

एके दिवशी जळगावच्या पुढे तुम्ही माझा हात धरून गिअरच्या दांड्यावर ठेवलात. वरून तुमचा हात. पुढच्या खेपेला तुमचा हात निघाला. मग आपलं ठरूनच गेलं: क्लच तुमचा, गिअर माझा. तुम्ही "टाक" असं म्हणायचा नाहीत. मी रस्त्याकडे बघायचेच नाही. मी तुमच्या डाव्या पायाकडे बघायचे. चप्पल पुढे सरकली, टाच किंचित उचलली गेली, की मी दांडा ओढायचे. नंतर नंतर पायाकडेही बघावं लागेना. इंजिनचा आवाज चढला की मला आधीच कळायचं. सीटमागची फणी शांत राहायची. तुम्ही नुसते पुढे बघत असायचात, पण तुमच्या कानामागचा भाग हसल्यासारखा हलायचा. मला तो दिसायचा.

तुमचा पाय आणि माझा हात. एवढी मिळून केलेली दुसरी कोणतीही गोष्ट आपल्या दोघांची नाही. मी खूप शोधली.

नववीत गेल्यावर तुम्ही मला न्यायचं बंद केलंत. "आता अभ्यास महत्त्वाचा." मी काही बोलले नाही. मी कधीच काही बोलत नाही, हे तुम्हाला माझं शहाणपण वाटायचं.

मग पुणे, नोकरी, फोन. तुमचा गुडघा दुखायला लागला तेव्हा मीच तुम्हाला म्हटलं होतं, आठवतं? "पप्पा, आता ऑटोमॅटिक गाडी घ्या. डाव्या पायाला आराम मिळेल." तुम्ही किती हसलात. म्हणालात, "ऑटोमॅटिक म्हणजे गाडी चालवणं नाही बेटा, गाडीत बसणं. मागे माल असला की पाय बोलला पाहिजे." मला ते ऐकून बरं वाटलं होतं. म्हणजे तो क्लच तुम्ही सोडणार नव्हतात. आपली गोष्ट तुम्हीही सांभाळून ठेवली होती, असं मी समजले.

त्यानंतर मी एक काम केलं. ते तुम्हाला सांगायचं राहिलं, आता सांगते. मी पुण्यात गाडी शिकले. ऑफिसच्या आधी, सकाळी. शिकवणारा माणूस शेजारी बसायचा आणि त्याच्या पायाखालीही एक क्लच असायचा, म्हणून गाडी मी चालवतेय की तो, हे मला पहिले कित्येक दिवस कळत नव्हतं. घामाघूम व्हायचे. सिग्नलला गाडी बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, आणि मला माणसांच्या नजरेत यायला किती त्रास होतो ते तुम्हाला माहीत आहे. तरी सोडलं नाही. मला दिवाळीला घरी येऊन तुमच्याकडे किल्ली मागायची होती. तुम्हाला शेजारच्या सीटवर बसवायचं होतं. पाय माझा, आणि गिअर, वाटलं तर तुम्ही टाका.

लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात तुम्ही मला फोटो पाठवलात. बारदानावर ठेवलेलं लोखंडाचं एक मोठं धूड, आणि खाली लिहिलं होतं, "जळगावच्या भंगारात मिळाला. चालू आहे." मी विचारलं, हे काय? तुमचा फोन आला. तुम्ही इतके उत्साहात होतात की गाडीबाहेर पहिल्यांदाच माझ्याशी बोलताना मध्येच अहिराणीत घसरलात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आपल्याच कंपनीच्या, आपल्याच इंजिनच्या, अपघातात गेलेल्या एका गाडीतला. "योगिताले गाडी शिकाडनी शे," तुम्ही म्हणालात, आणि मग सावरून, "म्हणजे, तिला शिकवायची आहे. तिचा डावा पाय क्लच दाबू शकत नाही ना."

मी म्हटलं, छान.

तुम्ही सांगत राहिलात. गावातल्या बायकांची भाजी गोळा करून ती धुळ्याला आणते, पण गाडी दुसऱ्याची, तो येईल तेव्हा यायचं, तो थांबेल तोवर थांबायचं, आणि बाजार उठल्यावर माल पोचला की सगळ्यांचं नुकसान. तिची स्वतःची गाडी असती तर. हे सगळं खरं होतं. म्हणूनच मला राग काढायला जागा मिळाली नाही. मी सुचवली तेव्हा जी गोष्ट हास्यास्पद होती, ती तिच्यासाठी गरजेची झाली, यात चूक कोणाचीच नव्हती. चूक कोणाची नसली की हेवा कुठेच जात नाही, पप्पा. घरातच राहतो.

त्या पावसाळ्यात तुमचे सगळे फोन त्याच गाडीचे. युनूस मिस्तरीने आधी चक्क नाही म्हटलं होतं: "भाऊ, इस उमर में गाडी का ऑपरेशन? इतक्या मेहनतीत दुसरी घ्या ना." मग तोच तुमच्यापेक्षा जास्त पेटला आणि सगळ्या धुळ्याला सांगत सुटला की असं काम इथे त्याच्याशिवाय कोणाच्या बापाला जमणार नाही. दोनदा बसवलेला बॉक्स दोनदा खाली आला. नवा बॉक्स जुन्यापेक्षा लांब निघाला म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड करावा लागला. मिस्तरीने तो जास्तच आखूड केला, तुम्ही भांडलात, दुसरा आणला. गिअरच्या तेलाला थंड करायची जाळी पुढे रेडिएटरसमोर बसली. आरटीओच्या परवानगीसाठी तुम्ही चकरा मारल्या. मी सगळं ऐकत होते. प्रत्येक फोनमध्ये कुठेतरी "योगिता म्हणे" असायचं. ती रोज भाजी उतरवून झाली की गॅरेजमध्ये रिकाम्या क्रेटवर बसून बघायची म्हणे. तिला आता कुठला बोल्ट कुठला ते कळायला लागलं होतं म्हणे. तुम्ही तिला शिव्या देत होतात म्हणे, आणि ती उलटून बोलत होती म्हणे.

त्या सगळ्या कामात जुना गिअरबॉक्स, क्लच, त्याचं पेडल निघालं. त्याबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मीही विचारलं नाही.

तुमची खरी फजिती झाली ती मला तुम्ही सांगितलीच नाहीत. तीही मला योगिताकडून, गंधमुक्तीच्या जेवणानंतर, बायकांच्या घोळक्यात बसून ऐकावी लागली. रडून झाल्यावर ती आता हसत होती, आणि सगळ्यांना हसवत होती. पहिली भरलेली खेप. पारोळ्याच्या अलीकडे, समोर गतिरोधक. तुमचा पाय सवयीने क्लच शोधायला गेला, आणि तिथपर्यंत आता ब्रेकचं रुंद पेडल आलेलं. क्लच दाबावा तसा तुम्ही तो पूर्ण खाली दाबला. गाडी जागच्या जागी. घड पुढे, फणी सळईवरून उडून तुमच्या टाळूवर.

"मी सांगं, नाना, क्लच घर राह्यना!" योगिता पोट धरून सांगत होती. "असा काही शिव्या दिध्या माले! मंग चप्पल काढी नी डावा पायनी मांडी घालीसन बसनात. धुळालोंग तसाच उनात, देवघरमा बसेल शेतस तशा!"

सगळ्या हसल्या. मम्मीसुद्धा, तोंडाला पदर लावून. मीही हसले, कारण हसायचं असतं. पण तुम्ही एका पायाची मांडी घालून, देवघरात बसल्यासारखे, धुळ्यापर्यंत पिकअप चालवताय, हे चित्र मला हवं होतं, पप्पा. तुमच्या डाव्या पायाबद्दल जगात कोणाला काही माहीत असेल तर ते मला असायला हवं होतं. माझ्याकडे त्याचा सगळा शहाणा काळ आहे. त्याचा वेडेपणा तिच्याकडे गेला.

दिवाळीला मी आले तेव्हा गाडी धुऊन, पुसून दारात उभी होती. तुम्ही मला किल्ली पुढे केलीत. म्हणालात, "बस, चालवून बघ. आता एकदम सोपी केली आहे."

लायसन्स माझ्या पर्समध्ये होतं. मी म्हटलं, "नको पप्पा, मला नाही आवड." तुम्ही किल्ली खिशात टाकलीत. "बरं," म्हणालात, त्याच जपून बोलण्याच्या आवाजात. मला सोपी नको होती. हे एक वाक्य मला तेव्हा बोलता आलं असतं तर आपलं भांडण तरी झालं असतं. तुमच्याशी भांडायलासुद्धा मला योगिताइतकं कधी जमलं नाही.

आता पुढचं ऐका, कारण गाडीचं काय झालं ते तुम्हाला कळायला हवं.

सगळे पाहुणे गेल्यावर संजूकाकांनी विषय काढला. "ऑटोमॅटिक पिकअप धुळ्यात कोण घेईल? जुना गिअरबॉक्स जिन्याखाली पडलाच आहे. युनूसकडून परत बसवून घेऊ. मग चटकन विकली जाईल."

जिन्याखाली तो आहे हे मला तेव्हाच कळलं. मी जाऊन पाहिलं. बारदानात नीट गुंडाळलेला, तेल लावलेला, शेजारी क्लचचं पेडल सुतळीने बांधून ठेवलेलं. पेडलवरचं रबर एका बाजूने झिजलेलं, तुमच्या चपलेच्या आकाराचं.

मम्मी म्हणाली, "गाडी यांनी योगीसाठी केलीय."

"केली, वहिनी, पण तिला देऊन टाकतो असं कुठे बोलले?"

"मग श्रुती ठरवेल," मम्मी म्हणाली. "बाप तिचा आहे."

त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं. आणि पप्पा, मला तेव्हा जे वाटलं ते चांगलं नव्हतं, पण ते अगदी स्पष्ट होतं. क्लच परत बसू शकतो. दांडा परत येऊ शकतो. योगिता, गॅरेज, तो सगळा पावसाळा, सगळं काढून बाजूला ठेवता येईल आणि खाली माझी गाडी निघेल. तुमची आणि माझी.

"बसवून घेऊ," मी म्हटलं. "पण विकायची नाही. मी चालवेन."

"पुण्यात?" काका म्हणाले. "ऑफिसला पिकअप घेऊन जाणार? मागे काय भरशील, कॉम्प्युटर?"

मम्मी ताटं उचलायला लागली.

योगिताला हे कोणी कळवलं माहीत नाही. आज सकाळी मी हे पत्र लिहायला घेतलं होतं, तेवढ्यात ती एसटीने आली. तिच्याजवळची किल्ली तिने टेबलावर ठेवली. "अक्का, हाई किल्ली," म्हणाली. मला वाटलं ती रडेल, किंवा मागेल. मागितली असती तर मला नाही म्हणणं सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "काकाले हाई गाडी चालाडता येस नही. मिस्तरीकडे मीच लई जास. तुम्ही बसा."

बसले. या वेळी शेजारच्या सीटवर, माझ्या जुन्या जागेवर. तिने आधी दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत ठेवला, मग स्वतः बसली. पिशवीतून हिरव्या केळ्यांची फणी काढली, वळून सीटमागच्या सळईला बांधली.

"गाडी तर रिकामी आहे," मी म्हटलं.

"नानानी सांगेल शे. फणीबिगर गाडी काढानी नही."

ती चांगली चालवते, पप्पा. तुमच्यासारखी. म्हणजे तोंड बंद ठेवून, आणि मागे काहीतरी झोपलंय असं समजून. गल्लीतून निघालो, मोठ्या रस्त्याला लागलो. पांझरेच्या पुलावर चढताना इंजिनचा आवाज चढला आणि मला कळलं, आता. माझा डावा पाय पुढे सरकून खालच्या पत्र्यावर दाबला गेला आणि उजवा हात मांडीवरून उठला. मी तो लगेच खाली घेतला. गिअर आपोआप पडला. फणी हलली नाही.

योगिताने बघितलं होतं.

"नाना बी असंच करेत," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. मी चालाडू नी ते तठे बसीसन पाय दाबेत. दर टायमाले. माले असा राग ये!"

"राग कशाचा?"

पूल उतरला. मग ती रस्त्याकडे बघतच बोलली, आणि तिचा आवाज माझ्या ओळखीचा होता. तो मी माझ्याच आत इतके महिने ऐकत होते.

"मी बठ्ठं शिकी लिधं अक्का. रिव्हर्स, घाट, भरेल गाडी, बठ्ठं. पन काही करा, नाना म्हनेत, आठे मनी श्रुती राहती ते मी सांगाना पहिलेच गिअर पडता. फणीले नही समजता. दर टायमाले तेच! आते माले सांगा, गाडीमा गिअर टाकानाच नही, मंग मी कशी टाकू?"

मला हसू आलं. चांगलं हसू नव्हतं ते. पण ते इतक्या जोरात आलं की मी तोंड खिडकीकडे फिरवलं, आणि तिथे काचेत ते हसू राहिलं नाही, दुसरंच काहीतरी झालं. पुढचा गतिरोधक योगिताने फार हळू घेतला. मागे घड असावेत तसा.

माझी श्रुती असती तर सांगायच्या आधीच गिअर पडला असता. तुम्ही हे मला का नाही सांगितलंत? फोनवर इतकं बोलायचात. बॉक्स, दांडा, तेल, जाळी. एक वाक्य त्यात सहज मावलं असतं. तिला दर खेपेला सांगत होतात, तिला ज्याचा काही उपयोग नव्हता ते. आणि मला, शुद्ध भाषेत, जेवलीस का.

युनूस मिस्तरी गॅरेजच्या दारातच उभा होता. काकांनी त्याला फोन केला असणार. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, आपलं मूल परत घरी आल्यासारखी. "बोला ताई. पुराना वाला डालना है? डालू. पण एक सांगतो, भाऊंचं हे काम खोलायला माझा हात कापेल."

"तुमचा हात नही कापाव," योगिता म्हणाली. "तुम्ही शाफ्ट आखूड कापेल व्हता तवय बी नही कापना."

"ए, तू गप!" मिस्तरी ओरडला. "दोन महिने माझ्या क्रेटवर बसून मलाच बोलते!"

ती हसली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. इंजिन चालूच होतं. ते बंद करायची वेळ आली होती आणि तिला ते बंद करायचं नव्हतं, एवढंच दिसत होतं.

मिस्तरी माझ्याकडे बघत होता.

"तेल बघा," मी म्हटलं. "गिअरचं. बरेच दिवस उभी होती. आज ती पिंपळनेरला जायची आहे."

मिस्तरीने एकदा माझ्याकडे, एकदा योगिताकडे बघितलं, आणि फडकं शोधायला आत गेला. योगिताने माझ्याकडे बघितलं नाही. ओढणीने काच पुसायला लागली, आतून, जिथे काच स्वच्छच होती.

तुम्हाला वाटेल, झालं, मुलीचं मन मोठं झालं. तसं काही समजू नका. परत येताना मी तिच्या शेजारी बसून सबंध रस्ता मनात तिच्याशी भांडत होते. तुमच्या शिव्या तिच्या, तुमची भाषा तिची, मांडी घालून बसलेले तुम्ही तिचे. आता गाडीही तिची. घडाला त्या दिवशी कळत नाही, म्हणायचात ना तुम्ही. मला माझे डाग अजून वर येताना दिसताहेत आणि ते पुष्कळ दिवस येत राहतील. जिन्याखालचं बारदान मी कोणाला हलवू देणार नाही, काकांनी कितीही म्हटलं तरी. ते पेडल माझं आहे. तेवढं मी हक्काने ठेवलं आहे.

दारात तिने मला सोडलं. मी टेबलावरची किल्ली आणली आणि तिच्या हातात दिली. गाडीला लावलेली, तुमच्या खिशातली, तीही तिच्याकडेच राहू दिली. ती म्हणाली, "अक्का, रावेरले जासू तवय फोन करू का? येशात का?"

मी म्हटलं, "बघू." तुम्हाला माहीतच आहे, मी याहून जास्त बोलत नाही.

मग ती निघाली. मी उंबऱ्यात उभी राहिले. गल्ली सरळ आहे, शेवटपर्यंत आवाज येतो. गाडी कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, दिसेनाशी झाली, साक्रीच्या रस्त्याकडे. आणि तिकडून इंजिनचा आवाज चढत आला. थोडा, आणखी थोडा.

माझा डावा पाय उंबऱ्यावर दाबला गेला. तिकडे गिअर पडला.